शिपायाचा जाळ, पंडिताचा जाळ

पो-पोच्या नवऱ्याने अडतीस वर्षं रस्त्यावर कढई हलवली, आणि घरी मात्र परतलेला घास कधी खाल्ला नाही. घरी त्याला लागायची वाफवलेल्या अंड्याची वाटी, उकळत्या पाण्यातून काढलेली एखादी पालेभाजी, भात आणि सूप. रात्री दीड-दोनला तो यायचा, अंगाला तेलाचा आणि रॉकेलचा वास घेऊन. हातपाय धुवायचा, आधी सूप प्यायचा, मग बोलायचा. पो-पोने हे मला सांगितलं तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती. सूप ती अजून रोज लावत होती.

१९९२ साली आम्ही हाँगकाँगला राहायला गेलो. यजमानांची नोकरी जहाज कंपनीत, मुलगा दोन वर्षांचा. घर मिळालं साय यिंग पुन भागात, एका जुन्या चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. खाली सुकवलेल्या मासळीची दुकानं. बोंबलांच्या वासात वाढलेल्या मला त्या वासाने पहिल्याच दिवशी आपलंसं केलं. समोरच्या दारात ही पो-पो, तिचा मुलगा, सून आणि शाळकरी नात. पो-पो म्हणजे आजी. तिकडे कुठल्याही म्हाताऱ्या बाईला अशीच हाक मारतात. ती मला ‘आ-नोय’ म्हणायची, म्हणजे मुली. माझं कँटनीज बाजारापुरतं होतं, पण स्वयंपाकाच्या गोष्टींना तेवढं पुरतं. पुरलं नाही की नात इंग्रजीतून सांगायची.

मी लालबागची. आमच्या आजीची खानावळ होती. दहा बाय बाराच्या खोलीत ती बावीस गिरणी कामगारांना दोन वेळ जेवायला घालायची. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेली माणसं. त्यांच्याकडे झोपायला वळकटी असायची, चूल नसायची. त्यामुळे कुठल्याही शहरात गेलं की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो : इथे ज्यांच्याकडे चूल नाही त्यांना कोण जेवू घालतं? हाँगकाँगचा इतिहास मी बारा वर्षांत जो काही वाचला, विचारला, पाहिला, तो याच प्रश्नाचा माग काढत.

प्रश्न चीनमध्ये फार जुना आहे. सोंग राजवटीची राजधानी खायफेंग ११२७ मध्ये उत्तरेकडच्या चुर्चेन लोकांनी जिंकली. तिथून दक्षिणेला आलेल्या मंग युआनलाओ नावाच्या गृहस्थाने पुढे आपल्या हरवलेल्या शहराच्या आठवणी लिहून काढल्या. त्याच्या प्रस्तावनेवर ११४७ साल आहे. त्यात देवळं आणि मिरवणुकी आहेत, पण जीव ओतलाय तो खाण्याच्या दुकानांवर. रात्रीचा बाजार मध्यरात्र उलटेपर्यंत चालायचा आणि पहाट व्हायच्या आत दुकानं पुन्हा उघडायची, असं तो सांगतो. एक गोष्ट तो अगदी सहज नोंदवून जातो : बाजारात पोट असलेली कुटुंबं बहुधा दुकानातूनच तयार खाणं आणत, घरी भाजीपाला ठेवतच नसत. नऊशे वर्षांपूर्वीची ही नोंद आहे. बाहेर जेवणं ही चैन आहे, हौस आहे असं आपण समजतो. खायफेंगच्या त्या माणसांसाठी ती रोजची सोय होती. शहराने त्यांची चूल वाटून घेतली होती.

दक्षिणेत, कँटन शहरात, एकोणिसाव्या शतकात ‘दोन लीची घरं’ निघाली. एक लेउंग चांदीचे हजार ली व्हायचे, त्यातले दोन दिले की चहा मिळायचा. लाकडी बाकडी, जाड कप, सोबत पोटाला आधार देणारे खाण्याचे जिन्नस. गिऱ्हाईक म्हणजे हमाल आणि नावाडी. आज मोठमोठ्या हॉटेलांत रविवारी सकाळी अख्खी कुटुंबं ‘याम-छा’ करायला, म्हणजे चहा प्यायला बसतात आणि बांबूच्या टोपल्या टेबलावर रचल्या जातात, त्या प्रथेच्या पूर्वजांमध्ये या हमालांच्या बाकड्यांचा मान मोठा आहे.

हाँगकाँग हे तर मुळातच हमालांचं, खलाशांचं शहर. १८४१ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं आणि कँटनच्या मुलखातून एकटे पुरुष कामाला येऊ लागले. राहायचे ते दाटीवाटीच्या इमारतींत : एकेका मजल्याचे लाकडी फळ्या ठोकून सात-आठ खण पाडलेले, खणात एक कुटुंब किंवा नुसता एक पलंग, आणि सगळ्यांत मिळून मागच्या अंगाला एक काळवंडलेलं स्वयंपाकघर. १८९४ मध्ये अशाच वस्तीत, ताय पिंग शान भागात, प्लेग फुटला. दोन वर्षांनी तो मुंबईत मांडवी बंदरात पोचला. त्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. ताय पिंग शान माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. पाडलेल्या घरांच्या जागी आता बाग आहे. मुलाला घेऊन मी तिथे बसायची, तेव्हा आमच्या चाळीच्या भिंती कुठल्या आजाराच्या भीतीने बांधल्या गेल्या ते मनात यायचं.

खरी गर्दी झाली दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानी अंमल संपला तेव्हा, १९४५ मध्ये, शहरात जेमतेम सहा लाख माणसं उरली होती. चीनमधल्या यादवीमुळे १९५० पर्यंत ती वीस लाखांच्या घरात गेली. पो-पो आणि तिचा नवरा त्यातलेच, शुन दाक तालुक्यातले. त्या तालुक्याची दोन गोष्टींसाठी ख्याती : रेशीम आणि आचारी. रेशमाचा धंदा तिसाच्या दशकातच बसला होता, आचारी मात्र जाईल तिथे पोट भरू शकत होते. एवढ्या माणसांना काम नव्हतं, घर नव्हतं, म्हणून रस्त्यावर खाणं विकणारे वाढले आणि त्यांच्याकडे खाणारेही वाढले. सरकारने युद्धात मेलेल्या, जायबंदी झालेल्या आपल्या नोकरांच्या कुटुंबांना खाण्याचे ठेले लावायचे परवाने दिले. परवान्याचा कागद मोठा, त्यावर मालकाचा फोटो, आणि तो ठेल्यावर दिसेल असा लावायचा. फेरीवाल्याच्या छोट्या परवान्यापेक्षा हा मोठा, म्हणून ‘दाय-पाय-दोंग’ : मोठ्या पाटीचा ठेला. नियमाप्रमाणे दोन घडीची टेबलं आणि आठ स्टुलं मांडायची परवानगी. तिन्हीसांजा झाल्या की आणखी टेबलं गल्लीत कशी उतरत, हे पो-पो हातवारे करून सांगायची.

पो-पोचा नवरा असल्याच एका ठेल्यावर कढईवर होता. मालक तो नव्हता, हे ती प्रत्येक वेळी स्पष्ट करायची. हिरव्या रंगाचा पत्र्याचा खोका, वर ताडपत्री, आत रॉकेलची भट्टी. भट्टीला हवा मारली की ती विमानासारखी गर्जायची. कढईचं बूड लालसर होईपर्यंत तापवायचं, तेल फिरवायचं, आणि मग जे काही आहे ते मिनिटा-दीड मिनिटात आटपायचं. तांदळाच्या रुंद शेवया आणि गोमांसाच्या चकत्या. काळ्या आंबवलेल्या सोयाबीनमध्ये परतलेल्या तिसऱ्या. आंबवलेलं तोफू आणि मिरची घालून नाळीची भाजी. शेवया तुटता कामा नयेत आणि ताटलीत तेल साचता कामा नये, ही परीक्षा. त्या जाळातून अन्नाला जो धुरकट, खमंग जीव येतो त्याला ‘वोक-हेइ’ म्हणतात, कढईचा श्वास. तो ताटलीत फार वेळ टिकत नाही, म्हणून ठेला हवाच, कढईपासून चार पावलांवर बसून खाणं हवंच. गिऱ्हाईक येऊन बसलं की आधी गरम चहाने स्वतःची वाटी, चमचा आणि काड्या विसळून घ्यायचं. रस्त्यावर बादलीत धुतलेल्या भांड्यांवरचा तो उपाय. पुढे चकचकीत हॉटेलांतही लोक हे करताना मी पाहिलं.

आता घर. १९५३ च्या नाताळाच्या रात्री शेक किप मेइ इथली झोपडपट्टी जळाली. त्रेपन्न हजार माणसं एका रात्रीत उघड्यावर आली. पो-पो त्यांत होती, कडेवर तीन महिन्यांचा मुलगा. नवरा ठेल्यावर होता; पहाटे तो दोघांना शोधत फिरला. त्या आगीनंतर सरकारने पुनर्वसनाच्या इमारती बांधायला घेतल्या. १९५४ पासून त्या उभ्या राहिल्या : सहा-सात मजली, इंग्रजी एच अक्षरासारख्या, नळ आणि संडास मधल्या आडव्या भागात, सगळ्या मजल्याला मिळून. पाच माणसांना एकशे वीस चौरस फुटांची एक खोली. स्वयंपाकघर नाही. खोलीबाहेर लांबलचक उघडा सज्जा, त्यात प्रत्येक दारासमोर रॉकेलचा स्टोव्ह. पो-पो हे सांगत होती आणि मला आमच्या चाळीची गॅलरी दिसत होती. मीच पुढचं वाक्य सांगितलं, की पावसात स्टोव्ह आत घ्यावा लागायचा आणि खोली धुराने भरायची. ती क्षणभर बघत राहिली आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला.

त्या सज्जात नवऱ्यासारखा जाळ करणं शक्यच नव्हतं. वातीचा स्टोव्ह तेवढी आच देत नाही, रॉकेल मोजून आणलेलं, आणि तेलाचा धूर केला तर शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मग वाफ. एका आचेवर तीन पदार्थ : खाली भाताचं भांडं, भाताचं पाणी आटत आलं की वर बशी, बशीत खिम्याची चपटी वडी आणि तिच्यावर खारवलेलं बदकाचं अंडं, थंडीत भातावरच ठेवलेली सुकवलेली सॉसेज, तिची चरबी भातात झिरपते. पुढे १९६० च्या सुमारास जपानहून विजेचे भाताचे कुकर आले तेव्हा हाँगकाँगच्या बायकांनी तीच रीत त्यात नेली. पो-पोच्या जुन्या कुकरच्या झाकणाला मध्यभागी काच होती. वरची सॉसेज शिजली का ते त्या काचेतून ती बघायची. आपल्या कुकरमध्ये भात, वरण आणि बटाटे एकावर एक चढतात, त्याच्याशी याचं सख्खं नातं आहे.

अंड्याची वाटी मी तिच्याकडूनच शिकले. अंडं फोडताना कवचाचे दोन अर्धे नीट ठेवायचे; तेच माप. एका अंड्याला अर्ध्या कवचाने तीन-चार वेळा कोमट पाणी. उकळून निववलेलं पाणी, नळाचं नाही, कारण कच्च्या पाण्यातली हवा वाफेत बुडबुडे होऊन वर येते आणि अंड्याला जाळी पडते. अलगद फेटायचं, गाळायचं, वरचा फेस चमच्याने काढायचा. वर बशी उपडी घालायची, म्हणजे झाकणाचे थेंब आत पडत नाहीत. मंद वाफेवर आठ-दहा मिनिटं. बाहेर काढून थोडं सोया सॉस, चमचाभर गरम तेल, कांद्याची पात. पृष्ठभाग आरशासारखा हवा. माझा पहिला आरसा जमायला सहा अंडी लागली, आणि त्या दिवशी पो-पोने नातीला बोलावून दाखवला.

मासाही तसाच. बाजारातून जिवंत आणायचा, आल्याच्या काड्यांबरोबर सात-आठ मिनिटं वाफवायचा, बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं, पातीवर कडकडीत तेल. मी तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या कालवणावर वाढलेली. इतका उघडा मासा खाताना आधी बिचकले. मग कळलं की इथे सगळी हुशारी बाजारातच खर्च होते. शिळ्या माशाला मसाला झाकू शकतो, वाफ झाकत नाही. उकळत्या पाण्यात तेलाचे दोन थेंब टाकून मिनिटभर बुडवलेली छोय-समची भाजी, तिच्यावर ऑयस्टर सॉसची रेघ. हे सॉस १८८८ मध्ये कँटनच्या किनाऱ्यावर ली कम शेउंग या माणसाने बाजारात आणलं. कालवं शिजायला ठेवून तो विसरला आणि खाली दाट काळा रस उरला, अशी त्या घराण्यात सांगतात ती गोष्ट. आणि टोमॅटो-अंडं, जे आज चीनमधल्या घराघरांत पोरं सगळ्यांत आधी करायला शिकतात. टोमॅटोचं तिकडचं नाव ‘फान-खे’, परदेशी वांगं. टोमॅटोला विलायती वांगं म्हणणारी माणसं माझ्या आजोळीही होती.

अठराव्या शतकात नानकिंगला युआन मेइ नावाचा कवी होऊन गेला. त्याने १७९२ मध्ये आपल्या बागेच्या नावाने पाककृतींचं पुस्तक प्रसिद्ध केलं. टेबलभर मांडलेल्या दिखाऊ थाळ्यांचा त्याला तिटकारा होता. त्या पुस्तकात आचेचा एक नियम आहे आणि तो आजही प्रत्येक चिनी घरात माहीत असतो : परतायचं ते ‘शिपाई’ आचेवर, शिजत ठेवायचं ते ‘पंडित’ आचेवर. कँटनीजमध्ये मोउ-फो आणि मान-फो. पो-पोने युआन मेइ वाचलेला नव्हता, तिला अक्षरओळखही थोडीच होती. पण दोन्ही शब्द तिच्या तोंडी सारखे असत. नवरा मोउ-फो, मी मान-फो, असं ती म्हणायची. हे ऐकल्यावर मला हाँगकाँगच्या जेवणाचा आराखडा एकदम दिसला. घर आणि रस्ता ही तिथे एकमेकांची उलटी टोकं नाहीत. ते एकाच स्वयंपाकघराचे दोन भाग आहेत. जागा नव्हती म्हणून मोठा जाळ रस्त्यावर राहिला आणि मंद आच घरात.

मंद आचेचा मुकुटमणी म्हणजे सूप, ‘लोउ-फो-थोंग’, म्हाताऱ्या आचेचं सूप. हाडं, गाजर, मक्याचं कणीस, कमळकंद, खजूर, ऋतूप्रमाणे कसली कसली मुळं. तीन तास, कधी चार. सूप प्यायलास का, असं आया घराबाहेर निघालेल्या मुलांना विचारतात. जेवणाला ‘तीन सुंग, एक सूप’ हा चारचौघांच्या घरचा बेत. सुंग या शब्दाला इंग्रजीत नेमका शब्द मिळेना म्हणून नात अडखळली, आणि मी मात्र लगेच समजले. सुंग म्हणजे कालवण, तोंडीलावणं. भात हेच जेवण, बाकी सगळं त्याच्या सोबतीला. बाजाराला जाणं म्हणजे तिकडे ‘सुंग विकत घ्यायला’ जाणं. वजन अजून कॅटीत, आणि सोळा लेउंगची एक कॅटी. माझ्या आजीचा शेर सोळा छटाकांचा. नव्या देशात पहिल्याच आठवड्यात भाजीचा हिशेब मला आजीच्या मापाने जमला.

या दोन आचांच्या मधे आणखी एक जागा आहे, तिच्याबद्दल मला विशेष माया आहे. ‘छा-छान-थेंग’, चहा-जेवणाची खोली. युद्धाआधी गोऱ्यांच्या पद्धतीचं खाणं महाग हॉटेलांत मिळे. युद्धानंतर ते गल्लीत उतरलं आणि कँटनीज झालं. सकाळी सूपमध्ये मॅकरोनी आणि वर हॅमच्या कातळ्या. अननसाच्या सालीसारखी भेगाळलेली खुसखुशीत पाठ असलेला बन. त्यात अननस नाही, पण कापून आत थंड लोण्याची जाड चकती. आणि दुधाचा चहा : काळ्या चहाची भुकटी कापडाच्या लांब पिशवीतून पुन्हा पुन्हा ओतून, आटीव डब्यातलं दूध घालून. चहाने ती पिशवी तपकिरी होते आणि बायकांच्या रेशमी मोज्यासारखी दिसते, म्हणून ‘रेशमी मोज्याचा चहा’. गेज स्ट्रीटवरचं लान फोंग युएन १९५२ पासून तो देतंय, सुरुवात ठेल्याचीच. २०१७ मध्ये हाँगकाँग सरकारने हा चहा करण्याची कला आपल्या वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घातली.

तिथल्या वेटरांची भाषा हा वेगळाच खजिना. पांढरा भात म्हणजे ‘देखणा पोरगा’, पेज म्हणजे ‘देखणी पोरगी’. साखर आणि दूध नको असेल तर ‘वाळू उडव, दूध पळव’. टेबल रिकामं नसेल तर अनोळखी माणसासमोर बसवतात, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आपापला कप, आपापला पेपर. याउ मा तेइच्या देवळासमोरचं मिदो कॅफे १९५० चं. तिथे रंगीत फरशा आणि वरच्या मजल्यावरची खिडकी पाहून माझे यजमान काही न बोलता खुर्ची ओढून बसले. परळ नाक्यावरच्या इराण्याकडे त्यांचे वडील त्यांना रविवारी न्यायचे. इराण्याचं हॉटेल आणि छा-छान-थेंग यांची एकमेकांशी ओळख नव्हती, तरी दोघांनीही एकच काम केलं : घरात बसायला जागा नसलेल्या माणसाला एका चहाच्या किमतीत खुर्ची दिली.

एक गोष्ट मला सुरुवातीला जड गेली, तीही सांगते. टेबलाच्या मधे सगळ्यांचं सुंग आणि प्रत्येकाच्या तोंडातली काडी त्यात. उष्टं म्हणजे काय हे आपल्याला अंगात भिनवलेलं असतं. पो-पोने माझी चुळबूळ पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून मला पहिल्यांदा वाढून घ्यायला सांगू लागली, काही विचारलं नाही. पुढे २००३ मध्ये सार्सची साथ आली. शहरात २९९ माणसं गेली. ठेले, चहाच्या खोल्या ओस पडल्या, दोन-तीन महिने आम्ही कुणाच्या घरी गेलो नाही. त्यानंतर ‘कुंग-फाय’, सगळ्यांच्या वाढायच्या वेगळ्या काड्या, टेबलावर आल्या आणि पुष्कळ ठिकाणी टिकल्या. पो-पोने घरीही त्या ठेवल्या, लाल रंगाच्या. सून हसली तेव्हा ती म्हणाली, आ-नोयला हे आधीच कळलं होतं.

ठेले मात्र तोवर ओसरले होते. सत्तरच्या दशकापासून नवे परवाने बंद झाले. असलेला परवाना नवरा किंवा बायको यांच्यापलीकडे सहज जात नसे. पुष्कळ ठेले पालिकेच्या मंडईंच्या वरच्या मजल्यावर हलवले गेले, जिथे नळ आहे, गटार आहे, छप्पर आहे. रस्त्यावर उरलेत ते अगदी मोजके. स्वच्छतेचा मुद्दा खरा आहे, बादलीतल्या भांड्यांची मी साक्षीदार आहे. पण परवाना माणसाबरोबर मरावा ही रीत मला क्रूर वाटते. कढई धरायला वीस वर्षं शिकलेला मदतनीस उभा असतो आणि मालकाच्या तिरडीबरोबर भट्टी विझते. पो-पोच्या नवऱ्याच्या ठेल्याचं तसंच झालं. मालक गेला, मग मालकीण गेली, आणि एका सकाळी पालिकेची माणसं हिरवा खोका उचलून घेऊन गेली.

आम्ही २००४ मध्ये ठाण्याला परत आलो. आमच्या कोपऱ्यावर लाल रंगाची चायनीजची गाडी लागते. तिथली भट्टी, कढईतून वर उठणारा जाळ, पोराचं ते मनगट फिरवणं बघताना मला पो-पोच्या नवऱ्याची आठवण येते, ज्याला मी कधी पाहिलं नाही. मुंबईत चिनी माणसं फार आधीपासून आहेत. माझगावला त्यांचं १९१९ मधलं देऊळ आहे, कँटन मुलखातल्या ‘सी यिप’ म्हणजे चार तालुक्यांच्या लोकांचं. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कोलकात्याच्या नेल्सन वांग यांनी आलं-लसूण-मिरचीवर गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून चिकन मांचुरियन केलं, आणि तिथून ते गाडीवर, लग्नात, शाळेच्या डब्यात गेलं. या अन्नाला खोटं चायनीज म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. छा-छान-थेंगमधली मॅकरोनी खोटी नसेल तर मांचुरियनही नाही. मला खंत आहे ती वेगळी. आपल्याकडे शिपाई आच तेवढी आली. पंडित आच माझगावच्या त्या चिनी घरांच्या दारांआडच राहिली, आणि चायनीज म्हणजे तिखट, तेलकट, बाहेरचं, असं एक अख्खी पिढी समजून बसली. पोटाला बरं नसलं की मुलगा अजून माझ्याकडे अंड्याची वाटी मागतो, आणि त्याच्या मित्रांना ते चायनीज आहे हे खरं वाटत नाही.

२०१४ मध्ये मी आठ दिवसांसाठी पुन्हा गेले. पो-पो नव्वदीला टेकली होती. शेक किप मेइच्या त्या पहिल्या इमारतींपैकी एकच उभी आहे, एक्केचाळीस नंबरची, मेइ हो हाउस. तिथे आता तरुणांसाठी वसतिगृह आहे आणि खाली संग्रहालय. नात आम्हा दोघींना घेऊन गेली. जुन्या खोल्या जशाच्या तशा मांडून ठेवल्यात. पो-पो काठी टेकत हळूहळू बघत होती. स्टोव्हपाशी आली तेव्हा वाकून तिने वात वर-खाली करायची चकती बोटाने चाचपली आणि नातीला म्हणाली, हा आमच्यापेक्षा चांगला आहे.

संध्याकाळी यिऊ तुंग स्ट्रीटवरच्या ठेल्यावर बसलो. घडीचं टेबल, बिनपाठीची स्टुलं, वाट्या चहाने विसळून घेतल्या. पो-पोने तिसऱ्या मागवल्या, शेवया मागवल्या. शेवयांची ताटली आली तशी तिने ती आधी तिरकी करून खाली तेल साचलंय का ते पाहिलं, मान हलवली, आणि एक अख्खी, न तुटलेली शेवई उचलून माझ्या वाटीत घातली. आम्ही पोटभर खाल्लं. बिल देऊन उठताना नातीने आईला फोन लावला, आणि पो-पोने तो तिच्या हातातून घेतला. ती एवढंच म्हणाली, आच अजून बारीक कर, आम्ही अर्ध्या तासात पोचतो, आ-नोयने अजून सूप प्यायलेलं नाही.